खिंडीतल्या करकुराचा सूड

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही एका उंच खिंडीत उभे आहात. खाली पांढरं, वर पांढरं, समोरही पांढरंच. वाट कमरेइतक्या हिमाखाली गेली आहे. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. पोटात भूक आहे आणि मनात भीती. एवढ्यात धुक्यात एक काळा ठिपका दिसतो. तुम्ही चाचपडत त्याच्याकडे जाता, त्याच्या डोक्यावर हात ठेवता, आणि तुम्हाला कळतं की आता घर लांब नाही.

तो काळा ठिपका म्हणजे मी. मी एक जुना करकूर आहे. आमच्या अ‍ॅटलसच्या डोंगरांत वाट दाखवायला रचलेल्या दगडांच्या राशीला करकूर म्हणतात. दगडच तो, त्याला कसला राग, असं तुम्हाला वाटेल. पण आधीच सांगून ठेवतो. मी एका माणसाचा सूड घ्यायची वाट पाहत बसलो होतो, आणि ही गोष्ट त्या सुडाची आहे.

माझा पहिला दगड कोणी ठेवला ते मला आठवत नाही. एक दगड हा नुसता दगड असतो. दुसरा त्याच्यावर चढतो, मग तिसरा, आणि कधीतरी त्या राशीला वाटू लागतं की आपण कोणीतरी आहोत. मला तसं वाटू लागलं तेव्हा मी माणसाच्या छातीइतका उंच झालो होतो. इघील गावापासून वर खिंडीपर्यंत आणि पलीकडे तागुंतच्या बाजारापर्यंत माझी भावंडं उभी आहेत. प्रत्येक करकूर गावातल्या एकेका घराचा. मी अद्दीच्या घराचा.

अक्रोड झोडून झाले की पानगळीत एक दिवस सगळी घरं डोंगर चढून येत. प्रत्येक जण आपल्या करकुरावर एक नवा दगड ठेवी आणि सगळ्यांत वरच्या दगडाला, म्हणजे त्याच्या डोक्याला, रानातल्या झाडाचा काळा डांबरी चीक फासत असे. हिमात पांढरा दगड काय कामाचा? नंतर हिम पडलं की बाजारच्या दिवशी त्या घरातलं कोणीतरी येऊन करकुराचं डोकं झाडून मोकळं करी.

माझी जागा सगळ्यांत अवघड होती. बाजाराकडून परतणारा माणूस चढून चढून माझ्यापाशी येतो, मला हात लावतो आणि डावीकडे वळतो. ती घरची वाट. तो न वळता सरळ पुढे गेला, तर एक सपाट खडक लागतो, दरीवर जिभेसारखा पुढे आलेला. उन्हाळ्यात त्या खडकाच्या डावीकडे नुसती हवा असते. हिवाळ्यात मात्र वारा तिथे हिमाचा सज्जा बांधतो. वरून पाहिलं तर तो जमिनीसारखाच दिसतो. त्याच्या खाली काहीही नसतं.

अद्दी आपल्या मुलीला, इट्टोला, लहानपणापासून माझ्यापाशी घेऊन येत असे. माझ्या आडोशाला बसून दोघं भाकर आणि ऑलिव्ह खात आणि तो तिला शिकवत असे.

"काठी आधी, पाय नंतर. काय?"

"काठी आधी, पाय नंतर."

"सकाळचं हिम दगड असतं, दुपारचं हिम दही. ऊन चढलं की उभा उतार ओलांडायचा नाही. आणि पुढचा करकूर दिसल्याशिवाय मागचा सोडायचा नाही."

"आणि पुढचा दिसलाच नाही तर?"

"तर मागच्याला पाठ टेकून बसायचं आणि भाकर खायची. करकूर काही पळून जात नाही."

"आणि भाकर संपली तर?"

"तर शेळीसारखं बें बें ओरडायचं. मी येईन."

मग इट्टो तिथल्या तिथे इतक्या जोरात ओरडायची की खालच्या खऱ्या शेळ्या उत्तर द्यायच्या.

ते माझे सुखाचे दिवस होते. माझ्यामुळे किती माणसं घरी पोचली! गावची सुईण मला थोपटून म्हणायची, "हा माझा दुसरा नवरा. पहिल्यापेक्षा बरा. कधीही या, जागेवर असतो." लोक हसायचे, मीही मनात हसायचो. जागेवर असणं, एवढं एकच मला येत होतं. त्याचाच मला अभिमान होता.

आता हद्दूबद्दल सांगतो.

हद्दू म्हणजे गावातला सगळ्यांत मोठ्या कळपाचा मालक. बोलायला गोड, हसायला मोकळा. उन्हाळ्यात बाजारची माणसं खालच्या घळईतून जातात. घळईत वरून हिम कोसळायला लागलं की मगच खिंडीची वाट धरतात. त्यामुळे उन्हाळाभर वर हद्दू, त्याच्या शेळ्या आणि त्याचं खेचर यांच्याशिवाय कोणी नसे. एका उन्हाळ्यात त्याच्या शेळ्यांच्या कुंपणाची भिंत ढासळली. ओढ्यातून दगड वाहून आणायचे म्हणजे घाम गाळायला हवा. त्याची नजर माझ्यावर पडली.

"बघ गं," तो खेचराला म्हणाला, "इतके छान चपटे दगड आयते रचून ठेवलेत, आणि आपण ओढ्यात मरायचं? हिम पडेपर्यंत याचं काम तरी काय? पानगळीत परत लावू. कोणाला पत्ता लागायचा नाही."

त्याने मला उतरवलं. पिढ्यान्पिढ्या एकेकाने हातात धरून, मनात कोणाचं तरी नाव घेऊन ठेवलेले माझे दगड त्याने खाली फेकले. तो उन्हाळा मी शेळ्यांची भिंत होऊन, लेंड्यांच्या वासात काढला. एवढंच झालं असतं तर मी विसरलो असतो.

कळप खाली न्यायचा दिवस आला. आभाळ शिशासारखं झालं होतं आणि हद्दूला घाई होती. माझी खरी जागा कुंपणापासून चढावर. तो सपाट खडक मात्र कुंपणाला लागूनच. त्याने दोन्हीकडे पाहिलं, पाठीला हात लावला आणि मला त्या खडकावरच रचलं. वर डांबरी दगड ठेवला.

"थोडासाच तर सरकलायस," तो मला म्हणाला. "वसंतात बघू."

त्याच रात्री हिम पडलं. त्या साली ते लवकर आलं, दगड ठेवायच्या दिवसाच्याही आधी.

अद्दी आणि गावची माणसं आदल्या दिवशी घळईतून बाजाराला गेली होती. परतताना त्यांना खिंडीची वाट धरावी लागली. अद्दी सगळ्यांच्या पुढे होता, कारण माझं डोकं झाडायचं काम त्याच्या घराचं होतं. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत निळ्या कागदात गुंडाळलेली साखरेची उभी ढेप होती. धुक्यात त्याला मी दिसलो. तो हसला. सरळ माझ्याकडे आला, माझ्या डोक्यावरचं हिम झाडलं.

"काय म्हाताऱ्या," तो म्हणाला, "यंदा लवकर कामाला लागलास!"

आणि जन्मभराच्या सवयीने तो डावीकडे वळला.

मित्रांनो, मला ओरडता आलं नाही. त्याची काठी हिमात रुतली, हिमाने तिला धरलं, सज्ज्याने क्षणभर त्यालाही धरलं. मग एक आवाज झाला, जाड कापड फाटावं तसा. नंतर काही नाही. मागून माणसं आली तेव्हा त्यांना पावलं दिसली, त्यांचा शेवट दिसला आणि खडकाच्या कडेला अडकलेला निळ्या कागदाचा तुकडा दिसला.

लोक काय म्हणाले ऐका. "करकूर समोर असून चुकला!" "घाईत असेल." "दुसऱ्यांना शिकवायचा आणि स्वतःच काठी नीट टेकली नाही." त्या हिवाळ्यात भीतीने कोणी वर फिरकलं नाही. मी एकटाच त्या खडकावर उभा राहिलो आणि माझ्यात राग साठत गेला. माणूस मारला म्हणून राग होताच. पण हद्दूने त्याहून वाईट केलं होतं. जो करकूर कधी खोटं बोलला नाही, त्याला त्याने खोटं बोलायला लावलं, आणि तेही माझ्याच घरच्या माणसाशी. मी ठरवलं, हा माणूस एक दिवस याच धुक्यात याच वाटेने येईल. त्या दिवशी मी त्याला माफ करणार नाही.

वसंतात हिम वितळलं. इट्टो एकटीच चिकाचं मडकं घेऊन वर आली. येता येता ती थबकली. वाटेच्या वळणावर एक गोल, फिकट जागा होती. आजूबाजूला गवत होतं, त्या गोलात एक पातंही नव्हतं. ती त्या गोलात बसली. मग तिने दूर खडकावर उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग कुंपणाच्या भिंतीत राहून गेलेल्या, जुना चीक लागलेल्या एका दगडाकडे पाहिलं. मडकं तिथेच टाकून ती धावत खाली गेली.

तिने गावच्या वडीलधाऱ्यांना वर आणलं. म्हाताऱ्या यिद्दर आजोबांचा शब्द गावात शेवटचा. ते त्या गोलाभोवती एक फेरी मारून आले आणि हद्दूकडे पाहू लागले.

हद्दू हसला. "हिमाने सरकवला असेल. गेल्या साली अख्खा कडा नाही का कोसळला?"

"हिम दगड उचलून पुन्हा एकावर एक रचतं का?" इट्टो म्हणाली.

"मग काय दगडांना पाय फुटले म्हणायचं, पोरी? बघा हो बघा, अद्दीची लेक काय शोध लावतेय!"

दोघं-तिघं हसले. कुंपणातल्या दगडाचं विचारलं तर हद्दू म्हणाला, तो चीक शेळ्यांच्या खुरांना लावायचा. आमच्याकडे अशा वेळी संताच्या थडग्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात, आणि तिथे खोटं बोलायची कोणाची छाती होत नाही. पण शपथ मागायला मेलेल्या माणसाच्या घरचा पुरुष लागतो. अद्दीच्या घरात आता आई, आजी आणि पोरी होत्या.

"मी मागते," इट्टो म्हणाली.

"तू लहान आहेस, बाळ," यिद्दर आजोबा म्हणाले. "आणि बापाचं दुःख मोठं आहे. गावात भांडण नको. करकूर परत जागेवर लावू या."

त्यांनी मला जागेवर लावलं. हद्दूनेही दोन दगड उचलले, आणि उचलताना 'बिच्चारा अद्दी' असं म्हणाला. मी ते शब्द विसरलो नाही. इट्टोही विसरली नाही. ती त्याच्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात माझं डोकं झाडायचं काम इट्टोचं झालं. एका बाजारच्या दिवशी ती आली. हिम माझ्या गळ्यापर्यंत होतं, फक्त डोकं बाहेर. परतणारी माणसं एकामागे एक, पावलात पाऊल टाकत आली, मला हात लावून वळली. इट्टो बाजूला उभी राहून प्रत्येकाचा चेहरा पाहत होती.

"चल गं," सुईण म्हणाली, "ढग खाली येतोय."

"अजून कोणी मागे आहे का?"

"एकटा हद्दू. बोकडाच्या भावावरून घासाघीस करतोय. त्याचं काही संपायचं नाही. चल."

"तुम्ही व्हा पुढे. डोकं झाडून येतेच."

सगळे गेले. वाऱ्याने त्यांची पावलं पुसली. राहिलेली इट्टोने झुडपाच्या फांदीने झाडली. मग तिने माझं डोकं दोन्ही हातांनी उपसून काढलं, माझ्या गळ्यावर हिम लोटलं, पोटावर सरपटत त्या खडकावर गेली आणि डोकं तिथे ठेवलं. परत आली आणि वळणावरच्या मोठ्या धोंड्याला पाठ टेकून बसली.

मित्रांनो, माझं डोकं एकीकडे होतं आणि धड दुसरीकडे. मला दुसऱ्यांदा खोटं बोलायला लावलं होतं. आणि या वेळी ते खोटं मला गोड लागलं.

ढग उतरला. आधी खेचराची घंटा ऐकू आली, मग हद्दूचा आवाज.

"चला, बाईसाहेब. थकलात? मी नाही थकलो? गेल्यावर गरम चहा. पुदिना घालून. तुम्हाला नाही, मला. ए, तो बघ करकूर! आला की नाही? आता काय, घर आलंच."

तो सरळ माझ्याकडे आला. खेचर मात्र खडकाच्या अलीकडेच पाय रोवून उभं राहिलं. "नखरे पुरे," म्हणत त्याने दोर सोडला आणि पुढे येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याचा डावा पाय उचलला गेला. मी वाट पाहत होतो.

पण त्याच्या हाताखाली मी डळमळलो.

त्याने पाय खाली ठेवला. माझ्याखाली हात घातला. दगड लागला नाही, नुसतं हिम लागलं. हलवलेला करकूर कसा असतो हे त्या अख्ख्या डोंगरात एकाच माणसाला माहीत होतं. तो माझं डोकं कवटाळून खाली बसला.

"कोण आहे?" तो ओरडला. "कोणी हलवलाय हा?"

धुक्यातून उत्तर आलं. "दगडांना पाय फुटले असतील, हद्दूकाका."

"कोण? इट्टो? अगं, देव पावला! सांग बाळा, मी कुठे आहे?"

"तुम्हाला माहीत असायला हवं."

त्याचा आवाज बारीक झाला. "त्या खडकावर?"

"त्या खडकावर करकूर कोणी ठेवला होता?"

"हिमाने..."

"मग हिमालाच विचारा वाट."

हिम भुरभुरत होतं. तो कोणत्या बाजूने आला होता तेही आता त्याला सांगता येत नव्हतं, कारण त्याची पावलं बुजली होती. तो एकदा इकडे हात लांब करी, एकदा तिकडे, आणि दोन्ही वेळा आखडून घेई. ज्याने एकदा करकुराला खोटं बोलायला लावलं, त्याला आता कुठल्याच दगडावर विश्वास ठेवता येत नव्हता. अद्दीला असा वेळ मिळाला नव्हता. हद्दूला मिळत होता, आणि तो जितका लांबेल तितका मला हवा होता.

"मी ठेवला," शेवटी तो रडत म्हणाला. "कुंपणासाठी काढला होता. चढ चढायचा कंटाळा आला, म्हणून इथेच रचला. मग तुझा बाप गेला आणि मला तोंड उघडायची लाज वाटली. इट्टो, मी गावासमोर सांगेन. शपथ घेईन. पण आत्ता सांग, कुठे वळू?"

मित्रांनो, त्या क्षणी मला जीभ असती तर मी एकच शब्द बोललो असतो. डावीकडे. अद्दीला मी न बोलता जे सांगितलं, तेच मी हद्दूला ओरडून सांगितलं असतं. मला त्याची दया आली नाही आणि आजही येत नाही. मी दगड आहे.

तुम्ही मात्र दगड नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. डोंगरात कधी गेलात तर वाटेची खूण हलवू नका, गंमत म्हणूनसुद्धा नाही. ती कोणासाठी आहे हे तुम्हाला माहीत नसतं. हललेली दिसली तर मोठ्यांना सांगा, आणि कोणी हसलं तरी पुन्हा सांगा. हिमाच्या कडेवर पाय देऊ नका. पुढची खूण दिसत नसेल तर मागची सोडू नका. बसा, ओरडा, वाट पाहा. आणि ज्याने तुमचं वाईट केलं तो धुक्यात सापडला तर काय करायचं, हे मला विचारू नका. इट्टोने काय केलं तेवढं सांगतो.

ती उठली. काठी पुढे टेकत टेकत खडकाच्या अलीकडच्या टोकापर्यंत आली आणि पोटावर आडवी झाली.

"आधी दगड," ती म्हणाली. "माझ्या आवाजाकडे ढकला. तुम्ही हलू नका."

हद्दूने माझं डोकं हिमावरून ढकललं. तिने ते छातीशी धरलं. शाल काळी झाली. ती वळणावर परत गेली, हातांनी हिम उकरून माझं धड मोकळं केलं आणि डोकं जागेवर बसवलं. हलवून पाहिलं. किंचित डुगडुगलं, तेव्हा तिने खाली एक चपटी कपची सारली आणि पुन्हा हलवून पाहिलं.

"इट्टो!" खडकावरून हद्दू हंबरडा फोडत होता. "इट्टो, गेलीस का गं? अगं, बोल!"

माझ्या कपाळावरचं हिम तिने बाहीने पुसलं, अगदी सावकाश. मग खेचराचा दोर आपल्या कमरेला पक्का बांधला, खडकापाशी जाऊन पुन्हा पोटावर आडवी झाली आणि काठीचं टोक धुक्यात पुढे केलं.